इंग्लंडात पहिलं घर घेतोय, पण वाईच्या घरात माझा हिस्सा आहे. स्टॅम्प ड्यूटीतली सवलत मिळेल का?

मृद्गंधा
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं रेडिंगला राहतो. नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर आणि मी त्याची डिपेंडंट, आता माझीही नोकरी सुरू झालीय. भाडं भरून कंटाळलो आणि शेवटी घर बघितलं. ४,२५,००० पौंडांना सौदा ठरलाय, मॉर्गेजचंही तत्त्वतः हो आलंय.

आता सॉलिसिटरकडून (घरखरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाकडून) भला मोठा फॉर्म आलाय. त्यात एक प्रश्न असा: जगात कुठेही, कधीही, वारसाने किंवा भेट म्हणून मिळालेलं धरून, तुमच्या मालकीचं घर किंवा घराचा हिस्सा होता का? हो की नाही, दोनच चौकोन.

नवऱ्याचं सरळ आहे, त्याच्या नावावर कुठेच काही नाही. माझं अडलंय. बाबा २०२१ मध्ये गेले. मृत्युपत्र नव्हतं. वाईच्या घराच्या मिळकतपत्रिकेवर आई, दादा आणि माझं नाव लागलं. आई तिथेच राहते. ते घर मी कधी 'माझं' म्हणून बघितलेलंही नाही, ते आईचं आहे. दादाच्या अंदाजाने आजची किंमत नव्वदेक लाख असेल.

माझे प्रश्न: व्हिसावर असणाऱ्यांना ही सवलत मिळते का? वाईच्या हिश्शामुळे ती जाते का? आणि आत्ताच हक्कसोड पत्र करून दिलं तर वाचेल का? घरात रोज यावरच बोलणं चाललंय, जाणकारांनी कृपया सांगावं.

आजोबा_ठाणे
मृद्गंधाताई, अभिनंदन! घर होणं ही मोठी गोष्ट. आमच्याकडे घरपट्टीत माजी सैनिकांना वगैरे सवलत असते, तसंच काही का हे?

तिरपा_मुळा
आजोबा, घरपट्टी वेगळी. तिला इथे काउन्सिल टॅक्स म्हणतात आणि त्यात पहिलं घर म्हणून काही सूट नाही. एकटं राहणाऱ्याला २५ टक्के कमी आणि घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर माफ. ताई विचारतायत ते खरेदीच्या वेळी एकदाच भरायच्या कराबद्दल, आपल्याकडच्या मुद्रांक शुल्कासारखं.

घाटमाथा
आधी आकडे मांडतो, म्हणजे बोलायला सोपं जाईल. १ एप्रिल २०२५ पासून इंग्लंडात साधा दर असा: पहिल्या १,२५,००० वर काही नाही, तिथून २,५०,००० पर्यंत २ टक्के, त्यापुढे ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३,००,००० पर्यंत शून्य आणि तिथून ५,००,००० पर्यंत ५ टक्के. पाच लाखांच्या वर एक पौंड गेला तरी सवलत पूर्ण जाते, साध्या दराने भरायचं. त्याआधी, सप्टेंबर २०२२ पासून, या मर्यादा ४,२५,००० आणि ६,२५,००० होत्या. म्हणजे हेच घर मार्च २०२५ पर्यंत घेतलं असतं तर सवलतीत कर शून्य होता.

तुमच्या घराचा हिशोब:
सवलत मिळाली तर ६,२५० पौंड.
नाही मिळाली तर ११,२५०.
आणि दुसरं घर म्हणून ५ टक्के अधिभार लागला तर ३२,५००.

खरी भीती या तिसऱ्या आकड्याची आहे. तीन ते पाच लाखांमध्ये कितीचंही घर घ्या, सवलतीने वाचतात ५,००० पौंडच. अधिभार मात्र पूर्ण किमतीवर लागतो.

मृद्गंधा
३२,५००? हे मला कुणी बोललंच नाही. एवढे पैसे द्यावे लागले तर घराचाच बेत सोडावा लागेल.

पोपटपंची
भारतातलं कोण बघायला बसलंय? वाईच्या मिळकतपत्रिकेची नक्कल काढायला इथला अधिकारी कृष्णेच्या घाटावर जाणार का? 'नाही'वर खूण करा आणि मोकळ्या व्हा.

जास्वंद
पोपटपंची, हा सल्ला जाहीर धाग्यावर देऊ नका. विवरणपत्र सॉलिसिटर भरत असला तरी त्यातल्या मजकुराची जबाबदारी घेणाऱ्याची असते. पुढे आईचं घर विकलं आणि पैसे इकडे आणले, की ते कुठून आले हे बँक विचारणार, आणि तेव्हा विक्रीखतावर हिचीच सही. शिवाय व्हिसावर असताना सरकारकडे खोटं लिहून द्यायचं? पाच हजारांसाठी?

आमच्या ओळखीत एका जोडप्याच्या सॉलिसिटरने हा प्रश्नच नीट विचारला नाही. 'इथे पहिलंच घर ना?' एवढंच विचारलं, ते हो म्हणाले, सवलत लागली. नंतर त्यातल्या नवऱ्याच्या आईच्या नावचा सोलापूरचा बंगला वारसाने आधीच त्याच्याकडे आल्याचं बोलण्यात निघालं. त्यांनी स्वतःहून दुरुस्ती विवरणपत्र दिलं (भरण्याच्या मुदतीपासून बारा महिन्यांत देता येतं), फरक आणि व्याज भरलं. पैसे गेले, पण निवांत झोपतात.

कोयनाकाठ
मृद्गंधा, घाबरू नका, ३२,५०० तुम्हाला लागणार नाहीत असं दिसतंय. नीट लिहितो, कारण इथे दोन वेगळ्या कसोट्या आहेत आणि आपली मंडळी त्यांची कायम गल्लत करतात.

पहिली कसोटी सवलतीची. ती विचारते: तुमच्याकडे कधीतरी घर होतं का? जगात कुठेही, कितीही छोटा हिस्सा, विकत घेतलेला, वारसाने आलेला, बक्षीसपत्राने मिळालेला. एकदा 'हो' झालं की कायमचं हो. विकून टाकलंत, भावाला देऊन टाकलंत, तरी तुम्ही 'पहिल्यांदा घेणारे' उरत नाही. आणि घर दोघांच्या नावावर घेताय तर दोघंही या कसोटीत बसायला हवेत. एक जण अडला की दोघांची सवलत गेली.

दुसरी कसोटी अधिभाराची. ती विचारते: खरेदी पूर्ण होईल त्या दिवसाअखेर तुमच्याकडे दुसरं घर आहे का? इथे भूतकाळ बघत नाहीत. आणि इथे किमतीलाही अर्थ आहे. तुमच्या हिश्शाची बाजारभावाने किंमत ४०,००० पौंडांच्या खाली असेल तर तो हिस्सा धरत नाहीत. आणखी एक सूट: वारसाने मिळालेला हिस्सा ५० टक्के किंवा कमी असेल तर मिळाल्यापासून तीन वर्षं तो मोजत नाहीत. तुमची तीन वर्षं उलटली, त्यामुळे ती सूट सोडा, पण पहिली लागू होते. ११५ रुपयांचा पौंड धरला तर ४०,००० म्हणजे ४६ लाख. नव्वद लाखांचा तिसरा हिस्सा तीस लाख. अधिभार नाही.

म्हणून उत्तर: सवलत नाही, अधिभारही नाही, ११,२५० भरायचे. हक्कसोड पत्र केल्याने पाच हजार परत मिळणार नाहीत. हिस्सा ४६ लाखांच्या वर असता तर खरेदीआधी केलेल्या हक्कसोडीने अधिभार वाचला असता, पण तुम्हाला त्याची गरजच नाही. आईच्या डोक्यावरचं छप्पर आहे, इथल्या करासाठी त्याला हात लावू नका.

व्हिसाचं: सवलतीला नागरिकत्वाची किंवा पीआरची (कायम राहण्याच्या परवान्याची) अट नाही. फक्त खरेदीआधीच्या १२ महिन्यांत १८३ दिवस या देशात असायला हवं, नाहीतर अनिवासी म्हणून २ टक्के जादा लागतात. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोपैकी एकाचे भरले तरी चालतं. नुकतेच आलेल्यांनी एवढं बघावं. आधी भरावे लागले आणि नंतर दिवस पुरे झाले तर परतही मागता येतात.

मृद्गंधा
कोयनाकाठदादा, फार फार आभार. जीव भांड्यात पडला. नवऱ्याला आत्ताच वाचून दाखवलं.

वकीलसाहेब_नाशिक
कोयनाकाठ यांनी छान उलगडून सांगितलं. महाराष्ट्राच्या बाजूने थोडी भर घालतो.

वारस नोंद केलेली नाही म्हणून मालकी नाही, असं अनेक जण समजतात. तसं नाही. मृत्युपत्र नसेल तर मृत्यूच्या क्षणीच वारसा उघडतो आणि विधवा, मुलगे, मुली यांना १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने समान हिस्सा येतो. फेरफार आणि मिळकतपत्रिकेवरचं नाव ही नंतरची नोंद. उलट सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव आहे एवढ्याने कुणी मालक होत नाही. फॉर्म भरताना दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा.

शेतजमिनीचा सातबारा हा 'घर' नव्हे. नुसती जमीन असेल तर या कसोट्यांत अडचण नाही. पण गावठाणातलं घर, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर ज्याची नोंद असते, ते घरच. वडिलोपार्जित वाडा असेल तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा: २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही जन्माने सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीतली हिस्सेदार) झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात ते पक्कं केलं, वडील २००५ ला हयात असोत वा नसोत. वाटप न झालेल्या वाड्यातला असा हक्क इंग्लंडच्या कायद्यात कसा धरायचा, यावर दोन्हीकडचं जाणणाऱ्या सॉलिसिटरचा लेखी सल्लाच घ्यावा.

तिरपा_मुळा
आणखी एक नेहमीचा घोळ: आईवडिलांनी पुण्यात फ्लॅट घेताना कर्जाच्या सोयीसाठी किंवा 'पुढे त्रास नको' म्हणून करारनाम्यात मुलाचं नाव दुसरं घातलेलं असतं. पोराने एक रुपया दिलेला नसतो, कधी राहिलेला नसतो. पण इंडेक्स टू वर (नोंदणीच्या उताऱ्यावर) नाव आहे! अशांनी घरी फोन करून आधी कागद मागवा. नुसतं नावापुरतं होतं म्हणायचं असेल तर ते कागदाने दाखवायची तयारी हवी.

सिडनीची_सई
वाचून आश्चर्य वाटलं, कारण आमच्या न्यू साउथ वेल्समध्ये अट ऑस्ट्रेलियात घर नसण्याची आहे. नाशिकचा फ्लॅट असला तरी आम्हाला सवलत मिळाली. ८ लाख डॉलरपर्यंत ड्यूटी माफ आणि १० लाखांपर्यंत कमी. पण घेणाऱ्यांपैकी निदान एक जण नागरिक किंवा पीआर हवा. तात्पुरत्या व्हिसावाल्यांना उलट जादा ड्यूटी, आणि एप्रिल २०२५ पासून दोन वर्षं त्यांना जुनं घर घ्यायलाच बंदी.

बर्फाळ_टोरांटो
आमच्याकडे दोन्ही बाजूंनी मार! ऑन्टारिओत नागरिक किंवा पीआर हवा आणि जगात कुठेही घर नसावं. नवरा-बायको असताना जोडीदाराच्या नावे घर असेल तरी गेलं. मिळाली तर प्रांताकडून ४,००० डॉलरपर्यंत आणि टोरांटो शहराचे वेगळे ४,४७५ पर्यंत परत येतात. एक बरी तरतूद: खरेदीनंतर १८ महिन्यांत पीआर झालात तर तेव्हा अर्ज करता येतो.

घाटमाथा
आता माझं मत. मला हा 'जगात कुठेही' नियम योग्य वाटतो. २०१७ च्या नोव्हेंबरात ही सवलत आणली ती ज्यांना घराच्या शिडीवर पायच ठेवता येत नाही त्यांच्यासाठी. कोथरूडला टू बीएचके भाड्याने देऊन इकडे 'माझं पहिलंच घर' म्हणणाऱ्याला सरकारने सूट का द्यावी? आपल्यातले कितीतरी जण असे आहेत. स्थलांतरित म्हणून वेगळी वागणूक नको असेल तर वेगळी सवलतही मागू नये.

कोयनाकाठ
कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटबद्दल पूर्ण सहमत. पण मृद्गंधाचं तसं आहे का? तिला त्या घरात राहता येत नाही, आई असेपर्यंत विकायचा विचारही मनात येणार नाही, त्यातून एक पैसा मिळत नाही. घर म्हणून त्याचा तिला उपयोग शून्य.

आणि तराजूची दुसरी बाजू बघा. माझ्या ऑफिसातल्या एका इंग्रज मुलाला आईवडिलांनी डिपॉझिटसाठी रोख रक्कम दिली, चांगली घसघशीत. रोख भेट मिळाली म्हणून त्याची सवलत जात नाही, तो पहिल्यांदा घेणाराच. मृद्गंधाला बाबांकडून तीस लाखांचा न विकता येणारा हिस्सा आला, तर ती बाद. दोघांनाही आईवडिलांकडूनच मिळालं. एकाला पैशाच्या रूपात, म्हणून तो गरजू. दुसरीला विटामातीच्या रूपात, म्हणून ती घरमालकीण. याला समान वागणूक म्हणायचं?

अधिभाराला ४०,००० ची मर्यादा आहे, मग सवलतीला का नसावी? वारसाचा अर्ध्याहून कमी हिस्सा आणि अमुक किमतीच्या आतला असेल तर सोडून द्या, एवढी साधी दुरुस्ती पुरे. इथे जन्मलेल्या, आजीच्या कॉटेजचा चौथा हिस्सा मिळालेल्या पोरांनाही तिचा फायदा होईल.

घाटमाथा
रोख भेटीचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. वारसाच्या छोट्या हिश्शाला मर्यादा असावी हेही पटतं. विकत घेतलेल्या घराबद्दल मात्र मी ठाम आहे.

एडिनबरोकर
स्कॉटलंडवाल्यांनी एवढा जीव काढू नये. इथे पहिल्या घराची सवलत म्हणजे शून्य दराची मर्यादा १,४५,००० वरून १,७५,००० होते, जास्तीत जास्त ६०० पौंड वाचतात. पण दुसऱ्या घराचा अधिभार डिसेंबर २०२४ पासून ८ टक्के आहे! म्हणजे आमच्याकडे सगळं लक्ष त्या दुसऱ्या कसोटीवर.

तिरपा_मुळा
मृद्गंधाताई, एक वाट अजून आहे. घर फक्त नवऱ्याच्या नावे घ्या. तो पहिल्यांदा घेणारा आहेच. बायकोच्या नावचं घर अधिभारासाठी नवऱ्याच्या खात्यात धरतात, पण तुमचा हिस्सा ४०,००० च्या आत, म्हणजे तोही लागत नाही. सवलत मिळेल, ६,२५० मध्ये काम. कर्जाला दोघांचा पगार धरून मालकी एकाचीच ठेवायची सोय काही बँका देतात, जॉइंट बॉरोअर सोल प्रोप्रायटर म्हणतात त्याला.

मृद्गंधा
अरे वा, हे सुचलंच नव्हतं! बोलते नवऱ्याशी.

जास्वंद
मृद्गंधा, बोल जरूर, पण थांबून विचार कर. कर्ज फेडायची जबाबदारी दोघांची आणि घर एकाचं? तुझा पगारही त्यात जाणार आहे. आणि ही सवलत खरी तेव्हाच, जेव्हा त्या घरात तुझा आतल्या हातानेही हिस्सा नसेल. 'कागदावर त्याचं, पण अर्धं माझं' असं ठरवलंत तर तूही खरेदीदारच धरली जाशील.

मी संसार मोडायच्या गोष्टी करत नाही. लग्नाच्या बायकोला इथे १९९६ च्या कायद्याने घरात राहण्याचा हक्क असतो, त्याची नोंदही करता येते. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. आमच्या आयांच्या पिढीने आयुष्यभर राबून घरं उभी केली आणि दारावर पाटी एकाच्याच नावाची. महाराष्ट्र सरकार बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सोडतं ते तिचं नाव लागावं म्हणून. परदेशात येऊन, स्वतः कमावून, आपण होऊन नाव काढायचं? ५,००० पौंड पंचवीस वर्षांच्या कर्जात कुठे जातील कळणारही नाही.

सिडनीची_सई
जास्वंदताईंना हजार वेळा अनुमोदन.

पोपटपंची
या वेळी मीही जास्वंदताईंच्या बाजूने. माझ्या बहिणीचं नाव घरावर नव्हतं आणि पुढे तिचे जे हाल झाले ते आम्ही बघितलेत. नाव लावाच.

तिरपा_मुळा
मी फक्त कायद्याने काय शक्य आहे ते सांगितलं. ताईंचा मुद्दा पैशापेक्षा मोठा आहे, तो मान्यच.

आजोबा_ठाणे
आमच्या सौ. चं नाव मी १९८६ सालीच घातलं होतं, तेव्हा नातेवाइकांनी भुवया उंचावल्या. आज ती घरात जास्त हक्काने ओरडते, आणि मला ते आवडतं!

मृद्गंधा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी हा धागा पहिल्यापासून वाचला. जास्वंदताईंचा प्रतिसाद संपायच्या आतच नवरा म्हणाला, "दोघांच्या नावावरच घ्यायचं." मलाही तेच हवं होतं. फॉर्मवर 'हो'वर खूण केली, खाली वाईच्या घराचा सगळा तपशील लिहिला आणि ११,२५० ची तयारी ठेवलीय. त्यासाठी सोफा वगैरे पुढच्या वर्षावर ढकललाय.

कोयनाकाठदादा, तुम्ही म्हणता ती दुरुस्ती व्हावी असं मलाही फार वाटतं. आमच्या भागाच्या खासदाराला पत्र लिहितेय, रोख भेटीचं उदाहरण त्यात घालू ना?

सॉलिसिटरने आता माझ्या हिश्शाच्या किमतीचा पुरावा मागितलाय. दादा रेडी रेकनरचा दर पाठवतो म्हणतोय, चालेल का?

कोयनाकाठ
जरूर घाला. पत्राचा मसुदा इथेही टाका, आम्हीही आपापल्या खासदारांना पाठवू.

वकीलसाहेब_नाशिक
रेडी रेकनर मुद्रांक शुल्कासाठी असतो, बाजारभाव त्याहून वर-खाली असू शकतो. शासनमान्य मूल्यांकनकाराकडून खरेदीच्या सुमाराची तारीख असलेला अहवाल घ्या, त्यात तुमच्या एकतृतीयांश अविभाजित हिश्शाची किंमत वेगळी लिहून मागा. सोबत मिळकतपत्रिकेचा उतारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जोडा.

कार्डिफची_केतकी
आजच सदस्य झाले, आम्हीही घर बघतोय. वेल्समध्ये हीच सवलत आहे का? यजमानांच्या नावे रत्नागिरीला फ्लॅट आहे, साधारण साठ लाखांचा.

एडिनबरोकर
केतकीताई, वेल्समध्ये पहिल्या घराची सवलतच नाही. सगळ्यांनाच २,२५,००० पर्यंत शून्य. पण अधिभार तिथेही आहे आणि साठ लाख म्हणजे ४०,००० पौंडांच्या वर. फॉर्म भरायच्या आधी सॉलिसिटरला तो फ्लॅट सांगा.

मृद्गंधा
वकीलसाहेब, कळलं, अहवालच काढून घेते. वाई-सातारा भागात कुणाला चांगले मूल्यांकनकार माहीत आहेत का? आईला एकटीला धावपळ करावी लागू नये, घरी येऊन बघणारे हवेत.

घाटमाथा
माझे मामा साताऱ्यात असतात, त्यांनी नुकतंच हे काम करून घेतलंय. व्यक्तिगत निरोप केलाय.